शुक्रवारच्या दोन मुठी

बाबा गेले आणि तीन महिन्यांच्या आत आम्हाला रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं. बाबा दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. हात कायम तेलकट, फक्त शुक्रवारी संध्याकाळी तेवढे घासूनपुसून स्वच्छ. कावीळ झाली आणि आठ दिवसांत संपले. क्वार्टर सोडताना लोखंडी पलंग दारातून निघेना, तेव्हा आई म्हणाली, राहू दे, येणाऱ्या माणसाला झोपायला होईल. दोन ट्रंका, भांड्यांचं पोतं आणि दाराच्या चौकटीवरून बाबांच्याच पान्यानं उचकटून काढलेला मेझुझा एवढं घेऊन आम्ही मायलेकी कुरकुंभ मोरीच्या, म्हणजे रुळांखालच्या बोगद्याच्या, पलीकडे दोन खोल्यांत राहायला गेलो. मेझुझा म्हणजे बोटभर लांबीची नळी, आत आमची प्रार्थना लिहिलेला चामड्याचा तुकडा. ज्यूंच्या घराच्या दारावर ती असते. नव्या घरमालकानं विचारलं, "हे काय, मीटर हाय का?" आईनं खिळा ठोकता ठोकता सांगितलं, "देवाचं आहे."

त्या खोल्यांत मला पहिल्यांदा आठवतो तो आवाज. रूळ जवळच होते. शंटिंग चालू असताना मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत जायचे, तो दणका लांबून जवळ येत येत आमच्या भिंतीपर्यंत पोचायचा आणि फळीवरची पितळी भांडी थरथरायची. आईनं ड्रायव्हर-गार्ड लोकांना डबे द्यायला सुरुवात केली होती. पहाटेपासून पोळपाटाचा आवाज, मग तव्याचा वास, मग तारेच्या हुकाला अडकवलेले डबे घेऊन आईचं मोरीतून स्टेशनाकडे जाणं. पावसाळ्यात मोरीत गुडघाभर पाणी असायचं, ती डबे डोक्यावर धरून जायची. शनिवारी मात्र आमची चूल पेटत नसे. शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतची आमची विश्रांती, पाळायचा म्हणजे पाळायचा. एक गार्ड तिला चिडून म्हणाला होता, "बाई, शनिवारी आम्ही उपाशी मरायचं का?" आई म्हणाली, "शनिवारी मारुतीचा उपास धरा की, पुण्य लागेल." त्यानं दुसरीकडे डबा लावला. असे तीन-चार डबे शनिवारपायी गेले. घरात भाकरी कमी झाली, पण शनिवारी तवा तापला नाही.

दौंडमध्ये तेव्हा आमच्याशिवाय एकही इस्रायली घर उरलं नव्हतं. आम्ही स्वतःला इस्रायलीच म्हणायचो. मूळची कोकणातली, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी माणसं आम्ही. बाबांचे दोन्ही भाऊ आणि आईची बहीण इस्रायल देशात निघून गेली होती. तिकडून निळ्या कागदावर मराठीत पत्रं यायची. 'इथे सगळे आपलेच आहेत, तुम्ही तिथे कुणासाठी बसलात?' आई पत्र दोनदा वाचायची आणि घडी करून ट्रंकेत ठेवायची. उत्तरात ती हवापाणी लिहायची. माझं नाव मिलका, पण शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी ते अलका असं लिहून घेतलं आणि पुढं तेच राहिलं. मासेवाल्याला आम्ही वेगळे आहोत हे ठाऊक होतं, कारण आई भीमेच्या माशावरही आधी खवले आहेत का ते बोटानं उलटं खरवडून बघायची. खवले नसलेला मासा आमच्यात चालत नाही. तो म्हणायचा, "घ्या भाभी, आज मासा कोट घालून आलाय." बाकी गावाला आम्ही कोण हे ठाऊक नव्हतं आणि विचारावं असंही कुणाला वाटलं नाही.

आता आईच्या ज्वारीच्या मुठीकडे येते, कारण हे प्रकरण तिच्यासाठी लिहायला घेतलं आहे. बाबा असताना दाराजवळ एक पत्र्याची पेटी होती. शुक्रवारी दिवा लावायच्या आधी आई त्या पेटीत एक नाणं टाकायची. हा आमच्याकडचा नेम, सेदाका. बाबा गेल्यावर टाकायला नाणं राहिलं नाही. पहिल्या शुक्रवारी आई पेटीसमोर थोडा वेळ उभी राहिली, मग आत गेली, ज्वारीच्या डब्यात हात घातला आणि मूठभर ज्वारी एका रिकाम्या डब्यात सोडली. पत्र्यावर दाणे पडल्याचा तो आवाज नाण्यापेक्षा मोठा होता. तेव्हापासून रोज एक मूठ. शनिवारी धान्याला हात लावायचा नाही, म्हणून शुक्रवारी दोन. शुक्रवारी मी शाळेतून यायचे तेव्हा तो डबा रिकामा होऊन पालथा घातलेला असायचा. कुठं गेली ज्वारी, मला कधी कळलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "पोचली." पुन्हा विचारलं तर म्हणाली, "घेणाऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, त्याला लाज वाटते."

एका महिनाअखेरीला डब्यात हात बुडेल एवढीच ज्वारी होती. आईनं मूठ भरली तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"आपल्यालाच नाही आणि तू दान कसलं करतेस?"

"हात सोड. आणि दान म्हणू नकोस गो. दान देणाऱ्याच्या मर्जीचं असतं. हा सेदाका आहे. ही मूठ आपली नव्हतीच, आपल्या डब्यात आली एवढंच. ज्याची त्याला जाते."

"मग एकदाच काय ती पोतंभर दे, बरे दिवस आल्यावर. रोज रोज कशाला?"

"पोतं एकदाच दिलं तर हात एकदाच उघडेल. मग जन्मभर मिटलेला."

मला तेव्हा ते पटलं नाही. पुढं पुष्कळ वर्षांनी पुण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितलं की सेदाका या हिब्रू शब्दात दया नाहीच, त्यात न्याय आहे. आणि आमचे जुने धर्मपंडित सांगून गेले आहेत की हजार नाणी एका माणसाला एकदम देण्यापेक्षा एकेक नाणं हजार वेळा देणं चांगलं, कारण त्यानं देणारा बदलतो. ज्याचं स्वतःचं दुसऱ्यानं दिलेल्यावर चालतं, त्यालाही यातून सूट नाही. आईची शाळा चौथीपर्यंत झाली होती. तिनं यातलं काही वाचलेलं नव्हतं.

मी मॅट्रिकनंतर शिकायचं हे आईनं ठरवलं आणि दौंडला शिकायचं नाही हेही तिनंच ठरवलं. "इथं राहिलीस तर माझ्याबरोबर पोळ्याच लाटशील," ती म्हणाली. माझ्या शाळेतल्या बाईंच्या ओळखीच्या पार्वतीकाकू शिरूरला होत्या. त्यांचा फुलांचा धंदा होता, घोडनदीकाठी शेवंती-झेंडूचा मळा आणि बाजारात हारांचं दुकान. सकाळी दोन तास हार ओवायचे, त्या बदल्यात मागच्या अंगणातली खोली, असं ठरलं. आईनं ज्वारीचं गाठोडं, स्टो आणि एक रिकामा रॉकेलचा डबा मला बांधून दिला. डबा कशाला, मी विचारलं नाही. चौफुला, न्हावरे करत एसटी शिरूरला पोचली तेव्हा टपावरच्या गाठोड्याची एक गाठ सुटली होती आणि थोडी ज्वारी रस्त्यावर सांडत आली होती. मला रडू आलं ते त्या ज्वारीसाठी, अशी मी स्वतःची समजूत घातली.

खोलीत फुलांच्या पाट्या ठेवलेल्या असायच्या, ओल्या गोणपाटाखाली. ताज्या फुलांचा वास फार थोडा वेळ टिकतो. उरतो तो देठांच्या कुजण्याचा. तो माझ्या वह्यांना, केसांना, भाकरीलाही लागला. कॉलेजात मुली माझ्या शेजारी बसून हुंगायच्या आणि सरकून बसायच्या. शनिवारीही तास असायचे. मी तासाला जायचे, पण शब्बाथला लिहायचं नाही म्हणून हात मांडीवर ठेवून ऐकत बसायचे. सरांना तो उद्धटपणा वाटायचा, मुलींना शिष्टपणा. कुणाची वही मागून उतरवून घ्यावी तर मागणार कुणाकडे? माझ्या पहिल्या महिन्यांच्या वह्यांत दर शनिवारचं एक पान कोरं आहे. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. मध्ये नातीनं विचारलं, "आजी, ही पानं का सोडलीस?" मी म्हटलं, विसरले. खरं सांगायला फार वेळ लागला असता.

हार ओवायला पाच-सहा बायका यायच्या. त्यात एक हौसा होती. तिशीची, काळीसावळी, सुईसारखी बोलणारी. नवरा ऊसतोडीला गेला तो परत आला नाही, पदरात दोन मुली. ती माझ्याच शेजारी बसायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "काय गं, मुकी हायस का?" मी म्हटलं, "नाही." त्यावर ती म्हणाली, "मग काय बोलायला पैसं पडत्यात?" सगळ्या हसल्या. मी सुईत दोरा ओवत राहिले. मी माणसांत मिसळणारी नव्हते, आणि मला वाटायचं की यांच्यात मी काय बोलू, मी कॉलेजात जाते. हे लिहिताना आज लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

पहिल्या शुक्रवारी मी ग्लासात पाणी, वर तेल आणि वात घालून शब्बाथचा दिवा लावला. पार्वतीकाकू पाट्या बघायला आल्या होत्या. दिवा बघून त्यांचा चेहरा फुलला. "अगं, शुक्रवार धरतीस व्हय? संतोषीमातेचा?" नाही म्हणायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. मी नुसती हसले. झालं. तेव्हापासून दर शुक्रवारी काकू मला वाटीभर गूळ-फुटाणे आणून द्यायच्या आणि त्या दिवशी मला चिंच, दही, लिंबू काही मिळणार नाही याची स्वतः काळजी घ्यायच्या. माझ्यामुळे घरात आंबट शिजायचं नाही. देवाच्या नावानं मी एका भल्या बाईला फसवत होते आणि फुटाणे खात होते.

मूठ मात्र मी चुकवली नाही. रोज भाकरीचं माप काढताना एक मूठ रॉकेलच्या डब्यात, शुक्रवारी दोन. त्या वेळेपुरतं दौंडचं घर जवळ यायचं. महिनाअखेरीला माझी भाकरी पातळ व्हायची, तरी मूठ पुरी असायची. याचा मला अभिमान होता. शुक्रवारी डबा रिकामा करायचा असतो हे मला माहीत होतं आणि तरीही नव्हतं. घरी ते काम माझ्या पाठीमागे व्हायचं. आईनं घेणाऱ्याची लाज राखायला ते माझ्यापासूनही लपवलं होतं, त्यामुळे मी अर्धाच नेम शिकले होते. मला वाटायचं, एखाद्या शुक्रवारी कुणी योग्य माणूस सापडेल. तोवर साठू दे. मी खोली, कॉलेज, खोली एवढंच करत होते. माणूस सापडणार कुठून?

सप्टेंबरात आईचं कार्ड आलं, दारफाळणी अमुक दिवशी. दारफाळणी हा आमचा वर्षातला सर्वांत मोठा उपवास. दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, दिवसभर अन्नपाणी नाही, काम नाही, देवाकडे वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. त्या वर्षी ती नेमकी खंडेनवमीला आली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. हारवाल्यांचा वर्षाचा धंदा त्या एका दिवसात. झेंडूचे ढीग अंगणात माणसाच्या उंचीचे झाले होते. आदल्या दुपारी मी पाट्या खोलीतून बाहेर काढल्या आणि काकूंना सांगितलं, "उद्या मी येणार नाही."

"खंडेनवमीला?" काकू खाली बसल्या. "का गं? बरं न्हाई का?"

"बरं आहे. उद्या जमणार नाही."

"मग परवाच्याला खोली मोकळी कर," काकू म्हणाल्या. रागानं नाही, थकून म्हणाल्या. "खोली मी फुलांसाठी बांधली, तुझ्यासाठी न्हाई बांधली."

मी दार लावून घेतलं. खोली गेली म्हणजे कॉलेज गेलं, हे मला कळत होतं. दुसरी खोली भाड्यानं घेण्याची ऐपत नव्हती. पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. घरी जायला कारण मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी भिंतीला टेकून बसले होते. बाहेर बायकांचं हसणं, सुयांच्या डब्या, कात्र्या, कुणीतरी गाणं म्हणत होतं. आमच्यात मोठी प्रार्थना व्हायला दहा पुरुष लागतात. मी एकटी मुलगी. आठवत होतं तेवढं म्हटलं. मग देवाकडे माफी कशाची मागावी हे शोधू लागले आणि फुटाण्यांच्या खोट्यापलीकडे मला काही सापडेना. कुणाचं वाईट केलं नव्हतं. कुणाशी बोललेच नव्हते, तर वाईट कुणाचं करणार? दिवसभर एकानंही दार वाजवलं नाही. तारे दिसल्यावर मी पाणी प्यायले आणि सकाळी निघायचं म्हणून ट्रंक भरली.

दारफाळणीच्या दुसऱ्या दिवसाला आम्ही शिळा सण म्हणतो. त्या दिवशी गरिबांना द्यायचं आणि नातेवाइकांना भेटायला जायचं. नातेवाईक नव्हते, पण डबा होता, आणि तो काही एसटीत नेता येणार नव्हता. दुपारी बाजार आटोपून बायका अंगणात परत आल्या. काकूंनी प्रत्येकीला दोन-दोन पुरणपोळ्या दिल्या. मी दारात उभी राहून बघत होते. हौसा पोळ्या घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मला आठवलं, ती रोजच डबा भिंतीकडे तोंड करून उघडायची. मला तो तिचा आडमुठेपणा वाटायचा. आज मी वेगळ्या जागी उभी होते म्हणून मला तिचे हात दिसले. ती खात नव्हती. पोळ्या पदराला बांधत होती, आणि तिच्या डब्यात काही नव्हतं.

काकू माझ्याजवळ आल्या. "आता बरं वाटतंय न्हवं? बाहेरची झाली हुतीस तर तसं सांगायचं की. बायामाणसात लाजायचं काय? हौसाच म्हनली, दार लावून बसलीया म्हंजी तेच. तुझ्या वाटचं हार ह्या सगळ्यांनी ओवलं. ऱ्हा आता, खोलीबिली काय सोडू नगंस."

एवढं ऐकून गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं. पण आदल्या दिवशी दिवसभर देवापुढे बसून पुन्हा खोटं चालवायचं हे मला जमेना.

"मी बाहेरची नव्हते काकू. काल माझा उपवास होता. आमचा सण."

"कुणाचा? संतोषीमातेचा?"

"मी संतोषीमातेचा शुक्रवार धरत नाही. मी हिंदू नाही."

"ख्रिश्चन हायस?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मग मुसलमान?"

"नाही. इस्रायली. ज्यू."

"ते आन् कोण?" एकजण मागून म्हणाली.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना धर्माचं दुःख नव्हतं. त्यांचा आवाज फुटला तो वेगळ्याच गोष्टीवर. "तीन म्हैने मी तुला गूळ-फुटाणे देतीया गं! तीन म्हैने माझ्या घरात शुक्रवारचं ताक न्हाई!"

मी आत गेले, रॉकेलचा डबा ओढत अंगणात आणला आणि हौसासमोर ठेवला. चारचौघांत द्यायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण मला तेवढी अक्कल राहिली नव्हती.

"हौसाबाई, हे तुम्हाला."

"काय हाय त्यात?" तिनं झाकण उघडलं, हात घातला आणि झटकन बाहेर काढला. हातावर काळे किडे चढले होते. पावसाळाभर साठत गेलेली ज्वारी, दाण्यांना भोकं पडून भुगा झालेला. मी रोज मूठ टाकायचे, पण आत कधी बघितलं नव्हतं.

"मला भिकारीण समजलीस व्हय?" हौसा उठून उभी राहिली.

"नाही. आज आमचा शिळा सण आहे. आज द्यायचं असतं."

"शिळा सण!" तिनं हात झटकला. "आन् शिळ्या सणाला किडकी जवारी वाटायची व्हय? लई भारी देव हाय तुझा. हिरव्या देठाचं न्हाई, सगळं सडल्यावर देतो."

बायका हसल्या. मी तिथंच, झेंडूच्या चोथ्यात बसले आणि सगळं सांगितलं. आईची मूठ, शुक्रवारच्या दोन, पालथा डबा. "मी रोज काढत होते. कुणाला द्यायची, ते माहीत नव्हतं. मला इथं कुणी माहीत नाही."

हौसाचा आवाज खाली आला. "तीन म्हैन्यात तुला एक माणूस दिसलं न्हाई व्हय? रोज मांडीला मांडी लावून बसतीया मी."

आदल्या दिवशी दिवसभर शोधून न सापडलेली चूक तिनं मला एका वाक्यात दाखवली. मी मान वर करू शकले नाही. थोड्या वेळानं सुपाचा आवाज आला. हौसानं काकूंच्या घरातून सूप आणलं होतं आणि ती ज्वारी पाखडत बसली होती. "दाणा हाय अजून ह्यात," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "ऊन दाखवलं तर हुईल भाकरी." मी दुसरं सूप घेतलं. आम्ही दोघींनी गोणपाटावर ज्वारी पसरली. उन्हाला किडे पळू लागले, ते बघायला कोंबड्या आल्या आणि त्यांचा दसरा झाला. चांगली निघालेली ज्वारी हौसानं आपल्या पाटीत घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता परत कवा?"

"काय?"

"तुमची रीत. परत कवा द्यायची असती?"

"शुक्रवारी."

"मग शुक्रवारी ताजी दे. किडायच्या आत. आन् समद्यांसमोर न्हाई, पाटीखाली ठेव."

दारातून काकूंचा आवाज आला. "आन् शुक्रवारी आता आमच्यात आमटीला चिंच पडणार हाय. खायची तर खा." खोलीबद्दल त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

मी ट्रंक रिकामी केली, पण राहायचं ठरवलं ते फक्त शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी दोन मुठी टाकल्या आणि साठलेली ज्वारी फडक्यात बांधून हौसाच्या पाटीखाली ठेवली. सोमवारी मला वाटलं, आता घरी जावं, पण पुढच्या शुक्रवारी पाटीखाली हात घालणारं कुणीतरी होतं. असे शुक्रवार एकामागून एक येत गेले. मला वाटतं, नेमानं देण्याचा अर्थ मला तिथं कळला. मोठ्या मनानं केव्हातरी दिलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी निघून जायला मोकळी होते. नेमानं द्यायचं म्हणजे तिथं असावं लागतं. एका सोमवारी शनिवारच्या कोऱ्या पानासाठी मी वर्गातल्या एका मुलीची वही मागितली. तिनं दिली. मागायला एवढंच लागत होतं.

एकटेपण गेलं असं मात्र मी लिहिणार नाही. हौसाशी मैत्री झाली असंही नाही. ती बोचरं बोलायची ती बोलतच राहिली. दिवा मी एकटीनंच लावायचे, प्रार्थनेला आमेन म्हणणारं कुणी नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत दौंडला गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "तिला कळलं कोण देतं ते?"

"कळलं."

आईनं लाटणं थांबवलं. तिला ते आवडलं नव्हतं. मग म्हणाली, "कळलंय ना? मग आता चुकवू नकोस. तिला वाट बघायला लावू नकोस."

"तू कुणाला द्यायचीस?" मी शेवटचं विचारलं.

"पोचायची," ती म्हणाली.

पुढं बऱ्याच वर्षांनी आई गेली तेव्हा मला वाटलं होतं की कुणीतरी येईल. मोरीच्या पलीकडून किंवा स्टेशनाकडून एखादं माणूस येईल आणि म्हणेल, बाईंनी आम्हाला जगवलं. मी आमच्या सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसून दाराकडे बघत होते. आईचा डबा खाणारे गार्ड आले, मासेवाला येऊन गेला. त्यासाठी म्हणून कुणीच आलं नाही. आईनं इतक्या वर्षांत एकाही घेणाऱ्याला कळू दिलं नव्हतं. हल्ली माझ्या मुलानं बँकेतून दर महिन्याला आपोआप देणगी जाईल अशी सोय केली आहे. चांगलं करतो, नेम आहे, माझं काही म्हणणं नाही. फक्त त्याला मी एकदा विचारलं, कुणाला जाते? तर तो म्हणाला, बघून सांगतो.

शिरूरला मी एकूण चार वर्षं काढली. बी.ए.ची शेवटची परीक्षा दिली तेव्हा एक पेपर शनिवारी आला. आईनं कार्डावर लिहिलं, 'लिही. देवाशी मी बोलते.' मी लिहिला. जूनमध्ये निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात बी.ए. झाले. बाबांच्या आणि आईच्या, दोन्ही घराण्यांत पदवी घेणारी मी पहिली.